एकतीस नंबरला घाबरवायचे दहा दिवस

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी इंटर्न झाले. पहिल्या दिवशी फाटक उघडणाऱ्या माणसाने मला विचारलं, "मुलीला सोडायला आलात का?" मी म्हटलं, "नाही, मलाच सोडायला कुणी आलं नाही." त्याला ते कळलं नाही. त्याने मला दोन नंबर मोठे रबरी बूट दिले, पिवळा एप्रन दिला आणि मासे चिरायला पाठवलं.

हे समुद्री प्राण्यांचं बचाव केंद्र. म्हणजे चार शेड, दोन तलाव, फ्रीजरची एक खोली आणि कधीही न वाळणारी फरशी. किनाऱ्यावर एकटी सापडलेली, आजारी पडलेली, जाळ्यात मान अडकलेली सीलची पिल्लं इथे आणायची, धडधाकट करायची आणि पुन्हा समुद्रात सोडायची. ऐकायला छान वाटतं. माझी बहीण फोनवर तीनदा "किती गोड!" म्हणाली. तिला मी सांगितलं नाही की सीलची घाण ब्रशने घासावी लागते, मग तो ब्रश जंतुनाशकात बुडवून ठेवावा लागतो, आणि एवढं करूनही तो वास सुट्टीच्या दिवशीसुद्धा केसांतून जात नाही.

त्याआधी बावीस वर्षं मी वॉशिंग मशिनच्या एका कंपनीत टेलिफोनवर तक्रारी ऐकायचे. लोक ओरडायचे आणि मी मऊ आवाजात म्हणायचे, "तुमची अडचण मला समजते." आवाज चढवायची सोय नव्हती. सगळं बोलणं रेकॉर्ड व्हायचं आणि महिन्यातून एकदा साहेब ते ऐकत बसायचे. एका शुक्रवारी कंपनीने माझ्या जागी यंत्र बसवलं. त्या यंत्राचा आवाज माझ्याहून मऊ आहे. मी घरी आले ती गप्पच झाले. राग वगैरे काही नव्हता, नुसता कंटाळा आला होता, जीभ उचलायचा. नवऱ्याने काही विचारलं की मी मानेने उत्तर द्यायचे. तो कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांत डोकं घालून बसलेला असतो, त्यामुळे पहिले काही आठवडे त्याच्या लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा म्हणाला, "अगं, माप घेऊ का? तोंड उघडतं ना?"

मग ही इंटर्नची जाहिरात दिसली. सहा महिने, वयाची अट नाही, आणि खाली नियम. पिल्लांशी बोलायचं नाही, पिल्लांजवळ आपसात बोलायचं नाही, हात फिरवायचा नाही, नाव ठेवायचं नाही, फक्त नंबर. बाकीचे लोक हा नियम वाचून नाक मुरडतात म्हणे. मी तो दोनदा वाचला आणि त्याच दिवशी अर्ज केला. बोलणं ही जिथे चूक समजली जाते अशी नोकरी जगात आहे हे मला आधी कळायला हवं होतं.

नियमाचं कारण डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर म्हणजे केंद्राच्या प्रमुख, साठीला आलेल्या बाई, सडपातळ, बोलणं कमी आणि झोप त्याहून कमी. त्या म्हणाल्या, "जे पिल्लू माणसाला ओळखायला लागतं ते सोडल्यावर होड्यांजवळ जातं. धक्क्यावर जाऊन मासे मागतं. इंजिनाच्या पात्यात सापडतं, नाहीतर कुणाच्या तरी मुलाला चावतं. त्याला आपण वाचवलं असं म्हणता येत नाही." एवढं बोलून त्या निघून गेल्या. मला बाई आवडल्या.

आम्ही दोघी इंटर्न होतो. दुसरी बावीस वर्षांची, गळ्यात वही अडकवून फिरणारी. पिल्लाला ढेकर आली तरी ती वेळ लिहून ठेवायची. मी तिला टिपणी म्हणायचे, तिनेही ते मानून घेतलं आणि मग सगळेच तिला तसं म्हणायला लागले.

एकतीस नंबर आलं तेव्हा नऊ किलोचं होतं. कातडी ढगळ झालेली, डोळ्यांत पू, आणि श्वास घेताना छातीत पाणी असल्यासारखा आवाज. वेगळ्या खोलीत ठेवलं. त्याला सकाळी सहाला पहिलं जेवण, आणि सकाळची पाळी माझी. मासे वाटून त्यात क्षार आणि कोमट पाणी घालायचं, गाळायचं. मग पिल्लाला दोन गुडघ्यांत धरायचं, तोंडातून नळी पोटापर्यंत घालायची, ती फुप्फुसात गेली नाही ना हे बघायचं, आणि वर नरसाळं धरून हळूहळू ओतायचं. खरं म्हणजे हे दोघांचं काम. पण टिपणीची बस साडेसातला पोचायची आणि लहान पिल्लू असलं तर एकटीला जमतं, असं डॉक्टरच म्हणाल्या होत्या.

जमत नव्हतं. एकतीस नंबर असं काही तडफडायचं की नरसाळ्यातलं अर्धं माझ्या मांडीवर. बारा-पंधरा मिनिटं झटापट, मग त्याला धाप, मग मला धाप. पुढे आणखी सहा पिल्लं वाट बघत. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी माझी कंबर धरली होती, नाकी नऊ आले होते, आणि नळी घालता घालता माझ्या तोंडून निघून गेलं, "हो हो, झालंच आता, एक मिनिट." तोच माझा जुना, मऊ आवाज. तक्रारवाल्यांसाठीचा.

पिल्लू शांत झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बोलले. चार मिनिटांत जेवण झालं. तिसऱ्या दिवशीही. उगाच खोटं कशाला सांगू, सुरुवात मायेने झाली नाही. काम लवकर उरकतं म्हणून झाली. दमलेलं माणूस जवळची वाट धरतं, तशी मी धरली. आणि मग रोज सकाळी सहा ते सहा-दहा मी त्या बंद खोलीत एका सीलशी बोलायला लागले. काय बोलायचे? काही नाही. भाजीत आज काय आणलंय, बसमध्ये खिडकी मिळाली नाही, नवऱ्याचा गुडघा कुरकुरतोय, वरच्या मजल्यावरच्या बाई पुन्हा फर्निचर सरकवतायत. ते डोळे मोठे करून ऐकायचं. मला कुणी मध्ये तोडत नव्हतं आणि कुणाची अडचण समजून घ्यायची नव्हती. पुढे पुढे मला त्याची माया लागली, हेही खरं. नळी बंद होऊन ते अख्खे मासे खायला लागलं तरी मी पाच मिनिटं जास्त थांबायचे. असे पाच आठवडे मी गप्पा मारल्या, आणि घरी मात्र माझ्या तोंडाला कुलूप ते कुलूपच.

अठरा किलोचं झाल्यावर एकतीस नंबरला मोठ्या तलावात हलवलं. तिथे पिल्लांना माणूस दिसूच नये अशी व्यवस्था आहे. चारी बाजूंनी उंच फळ्यांची भिंत आणि त्यात एक घसरंडी, तिच्यातून मासे पाण्यात टाकायचे. तलावात आणखी सात पिल्लं होती. कुणाच्या बुटांचा आवाज झाला की सगळी बुडी मारायची. असंच व्हायला हवं असतं.

एका मंगळवारी दुपारी मी फळ्यांपासून बऱ्याच अंतरावर बादल्या धूत होते. नवऱ्याचा फोन आला. कात्री कुठे आहे म्हणून. मी म्हटलं, "दुसऱ्या खणात बघा, डावीकडे." एवढंच. आणि तलावातून आवाज आला. पिल्लू आईला मारतं ती हाक. डॉक्टर फळ्यांच्या फटीतून तलाव बघत होत्या. त्यांनी मला हाताने बोलावलं. मी फटीला डोळा लावला. सात पिल्लं पाण्याखाली होती आणि एकतीस नंबर पाण्याबाहेर येऊन, पोटावर सरपटत, माझ्या बाजूच्या फळ्यांना नाक लावून ओरडत होतं.

डॉक्टर मला घेऊन लांब गेल्या. टिपणीलाही बोलावलं. "ह्या पिल्लाशी कुणीतरी बोललंय," त्या म्हणाल्या. "बाईचा आवाज ऐकून आलं ते. कोण?"

डॉक्टरांची नजर टिपणीवर गेली. नजर नेहमी लहानाकडेच जाते. मी पन्नाशीला टेकलेली, मितभाषी, नियमाची पक्की, माझ्याकडे कोण बघणार? टिपणीचा चेहरा लाल झाला. तिने "मी नाही" म्हटलं ते इतक्या घाईने की ते खोटंच वाटलं. आणि मी, जिने बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांची माफी मागितली, ती स्वतःच्या चुकीबद्दल ब्रसुद्धा न काढता उभी राहिले.

बुधवारी सकाळी फ्रीजरच्या खोलीत टिपणी माशांच्या खोक्यावर बसून रडत होती. वही मिटलेली. वही मिटलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी तिला म्हटलं, "ऊठ गं, डोळे पूस. मी होते ती." तिने माझ्याकडे असं पाहिलं की चापट परवडली असती. मग मी सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेले.

त्या रागावल्या नाहीत. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवस?"

"पाच आठवडे. रोज सकाळी."

"मासे देताना?"

"हो."

"म्हणजे त्याच्या डोक्यात तुमचा आवाज म्हणजे पोट भरणं." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नीट ऐका. असं पिल्लू मी समुद्रात सोडू शकत नाही. मत्स्यालयात ठेवून घ्या म्हणून तीन ठिकाणी कालच विचारलं, तिन्ही ठिकाणी जागा नाही. इथे मोठा सील कायम ठेवायची सोय नाही. पुढच्या शनिवारी समितीची बैठक आहे. तोपर्यंत ते माणसाला घाबरायला लागलं तर सोडू. नाहीतर इंजेक्शन."

मी म्हटलं, "मला काढून टाका."

"काढून टाकून काय होणार? त्याला तुमचा आवाज आवडतो. तो त्याला नकोसा करायचा आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला करता येणार नाही. दहा दिवस आहेत. रोज चार वेळा तलावाशी जायचं, फळ्या उघडून, त्याला दिसेल असं. हातात भांडं आणि डाव. ते जवळ आलं की भांडं बडवायचं आणि ओरडायचं. थांबलं तर नळीने पाण्याचा फवारा. मासे तुम्ही द्यायचे नाहीत, ते टिपणी देईल, तुम्ही नसताना. दहाव्या दिवशी मी तुम्हाला तुमच्या त्या गोड आवाजात त्याला हाक मारायला लावीन. ते आलं नाही पाहिजे."

मी मान हलवली.

"मान नका हलवू," डॉक्टर म्हणाल्या. "ओरडता येतं ना?"

येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी फळी सरकवली, एकतीस नंबर आनंदाने पाण्याबाहेर आलं, आणि मी भांडं बडवून म्हणाले, "ए, जा ना! जा तिकडे!" ते माझ्या बुटावर येऊन बसलं. मी आणखी जोर लावला. आवाज वर जायच्या ऐवजी आणखीच मऊ झाला. घशात कुणीतरी बसलंय आणि चढलेला प्रत्येक सूर खाली ओढतंय असं वाटलं. फवारा मारला तर पिल्लाला तो खेळ वाटला. टिपणी लांबून बघत होती. ती अजून माझ्याशी बोलत नव्हती, पण तिने वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, फक्त माझा हात भांडं बडवून सुजला होता. डॉक्टर दुरून बघून गेल्या. मी आपल्या हाताने त्या पिल्लाला मारणार होते, आणि तेही ओरडता येत नाही म्हणून.

चौथा दिवस रविवार. सकाळची फेरी वाया घालवून मी दुपारी घरी आले आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. नवरा ओट्यापाशी कवळी घासत होता. सुट्टीच्या दिवशी तो काम घरी आणतो. मी त्याला सगळं सांगितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्याशी सलग बोलले. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे माझ्याशी बोलायला तोंड दुखतं, आणि तिथे रोज बैठक?"

"चिडलात?"

"थोडा. सीलवर." त्याने हात पुसले. "चल, माझ्यावर ओरड. सराव होईल."

"कशाबद्दल ओरडू?"

"संसारात काहीच सापडत नाही का? मी ओला टॉवेल पलंगावर टाकतो."

"त्याची सवय झाली."

"घोरतो."

"त्याचीही."

तो विचार करत उभा राहिला. मग त्याने ओट्यावरची कवळी उचलली, वरची एका हातात, खालची दुसऱ्या हातात, माझ्या तोंडासमोर धरली आणि दात खटखट वाजवत, हुबेहूब माझ्या आवाजात, लाडीगोडीने म्हणाला, "तुमची अडचण मला समजते. कृपया लाईनवर थांबा. तुमची अडचण मला—"

"बंद करा!" मी म्हणाले.

"—समजते. आपल्या रागाबद्दल आम्ही दिलगीर—"

"बंद कर म्हणते ना!" आणि मग माझा आवाज कुठून आला ते मला माहीत नाही. "नाही समजत! मला कुणाची अडचण समजत नाही! मला कुणाचं एक अक्षर ऐकायचं नाही! बावीस वर्षं मी ऐकलं, शिव्या ऐकल्या, आईवरून ऐकल्या, आणि वर धन्यवाद म्हटलं! आणि ते यंत्र आणून बसवलं तिथे, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही की बाई, तू दमलीस का! मी दमलेय! दमलेय मी! सगळे गप्प बसा!"

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जमिनीवर काहीतरी आपटलं. मी छताकडे बघून ओरडले, "तुम्हीपण!"

नवऱ्याने कवळी हळूच ओट्यावर ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता. "हे मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं. तू मान हलवलीस." तो माझ्याशेजारी, त्या गार फरशीवर, गुडघा धरून कण्हत खाली बसला. "सीलला सांगितलं होतंस?"

"नाही. त्याला भाजी काय आणली ते सांगायचे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

संध्याकाळच्या फेरीला मी परत केंद्रात गेले. फळी सरकवली. एकतीस नंबर नेहमीसारखं सरपटत आलं. मी भांडं बडवलं आणि स्वयंपाकघरातला तो आवाज काढला. पिल्लू जागच्या जागी थबकलं. त्याने मान मागे घेतली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा एक पाऊलभर पुढे आलं. त्याला वाटलं असेल, चुकून झालं. मी पुन्हा ओरडले. फवारा थेट तोंडावर मारला. ते वळलं आणि धडपडत पाण्यात पडलं.

मी तिथून गेले ती थेट संडासात, आणि ओकले.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. दिवसातून चार वेळा मी जात होते आणि दिवसातून चार वेळा ते थोडं कमी जवळ येत होतं. सहाव्या दिवशी ते पाण्याबाहेर आलं नाही, पाण्यातूनच बघत राहिलं. आठव्या दिवशी फळी सरकताना ऐकून त्याने बुडी मारली. त्याचं वजन पाऊण किलोने उतरलं. टिपणीने आकडा माझ्यासमोर धरला. डॉक्टर म्हणाल्या, "उतरू दे. पुन्हा चढेल." माझा घसा बसला होता. डॉक्टरांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून दिली. जेवायच्या सुट्टीत टिपणी माझ्या बाकावर येऊन बसली आणि तिने तिच्या डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. त्यावर अर्धं सफरचंद होतं. "मला अजून राग आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "असू दे, राहू दे तसाच." सफरचंद मी खाल्लं.

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर, टिपणी आणि मी फळ्यांपाशी उभ्या राहिलो. माझ्या हातात भांडं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "सहा वाजताचा आवाज. अगदी तसाच. मुद्दाम बिघडवायचा नाही, मला कळेल."

तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं ते सांगते, कारण लपवण्यासारखं आता काही राहिलं नाही. ते येऊ नये असं मला वाटत होतं, कारण आलं तर इंजेक्शन होतं. आणि ते यावं असंही वाटत होतं. एकदाच. बरोबर उलट्या दोन गोष्टी मी एकाच वेळी मागत होते आणि दोन्ही अगदी मनापासून.

मी फळी सरकवली आणि बोलले. "हो हो, झालंच आता. आज खिडकी मिळाली बघ मला. दुधी आणलाय." सगळं, अगदी तसंच.

पाण्यावर आठ डोकी होती. सात बुडाली. एकतीस नंबरचं डोकं वर राहिलं, माझ्याकडे वळलं. टिपणीने माझी बाही पकडली. मी बोलत राहिले, डॉक्टरांनी थांबायची खूण केली नव्हती. पिल्लाने नाकपुड्या उघडल्या, मिटल्या. मग ते खाली गेलं आणि तलावाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात वर आलं, दुसऱ्या दोन पिल्लांच्या मागे, अंग चोरून. माझ्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं.

"पास," डॉक्टर म्हणाल्या.

टिपणीने वेळ लिहिली. मी फळी बंद केली आणि तिथेच टेकले.

समितीने त्याच दुपारी सही केली. वजन भरून यायला आणखी तीन आठवडे गेले, त्या काळात मला तलावाच्या बाजूला फिरकायची बंदी होती आणि मी ती पाळली. मग एका सकाळी तीन पिल्लं तीन पेट्यांत घालून आम्ही किनाऱ्यावर नेली. वाळू गार होती, वारा बोचरा, आणि आसपास कुणीही नव्हतं. पेट्यांची तोंडं पाण्याकडे करून झाकणं उघडली आणि आम्ही मागे सरकलो.

अठ्ठावीस नंबर बाहेर आलं आणि वाळू हुंगत बसलं. चौतीस नंबर अर्धं बाहेर येऊन पुन्हा पेटीत गेलं. एकतीस नंबर पंधरा-वीस हात पुढे गेलं आणि थांबलं. त्याच्या मागच्या वल्ह्यासारख्या पायावर नारिंगी बिल्ला होता. केवढं मोठं झालं होतं ते. त्याने मान उंच करून पाण्याकडे पाहिलं, मग किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथे दोन होड्या ओढून ठेवल्या होत्या. तिकडे बघतच राहिलं.

डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुम्हाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला. आज परवानगी आहे."

गाडीत येताना मी मनात सगळं जुळवलं होतं. माफी मागायची होती. दहा दिवस जे केलं ते का केलं ते सांगायचं होतं. ते कळणार नाही हे मलाही कळतं, पण सांगायचं होतं. मी चार पावलं पुढे गेले, वाळूत गुडघे टेकले आणि जमेल तितक्या हळू, जमेल तितक्या प्रेमाने म्हणाले, "हे बघ, माझ्यावर राग—"

एकतीस नंबर पळालं. वळूनही पाहिलं नाही. पोट आपटत, वाळू उडवत, धापा टाकत ते पाण्याकडे निघालं, त्याला बघून बाकीची दोघंही दचकून मागे लागली, आणि पहिली लाट अंगावर आली तशी ते तिच्यात शिरलं. लांब, होड्यांच्याही पलीकडे, एकदा काळं डोकं वर आलं. मग तेही दिसेनासं झालं.

मी गुडघ्यांवरच होते. डॉक्टर येऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी मला उठायला हात दिला.

"रडू नका," त्या म्हणाल्या. "ज्या आवाजावर त्याचा जीव होता त्यालाच ते इतकं घाबरलं. आता जगात कुठलंही माणूस त्याला हाक मारून जवळ बोलावू शकणार नाही."